अठरा हजार वस्तीचा देश जगापुढे अट ठेवतो तेव्हा

सागरगोटा

१७ जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्राचा करार लागू झाला. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या समुद्रातली जीवसृष्टी राखण्यासाठीचा हा करार. आपल्याकडच्या बातम्यांत अमेरिका काय करणार नि चीन काय करणार याचीच चर्चा. पण या कराराला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती पलाऊने, जानेवारी २०२४ मध्ये. पॅसिफिकमधली बेटं, वस्ती साधारण अठरा हजार. १९९२ चा जैवविविधता करार (यापुढे सीबीडी) आठवा. त्यावर पहिली मंजुरी मॉरिशसची होती, पाठोपाठ सेशेल्सची.

असल्या बातम्यांखाली लोक लगेच लिहितात, "एक देश एक मत आहे ना, म्हणून लहानांना भाव." सीबीडीत मतदान जवळजवळ होतच नाही. ठराव किती बहुमताने मंजूर व्हावा हा नियमच पहिल्यापासून कंसात अडकलाय, त्यावर एकमत नाही. त्यामुळे सगळं सर्वसंमतीने चालतं, म्हणजे कोणी उघड हरकत घेतली नाही की ठराव मंजूर. कागदावर प्रत्येक देशाच्या हातात नकाराधिकार आहे. पण ज्या देशाची शाळा, धक्का आणि दवाखाना परदेशी मदतीवर उभा आहे, तो पहाटे तीन वाजता एकटा उठून युरोपला "आमची हरकत आहे" म्हणेल का? क्वचितच.

मग वजन येतं कुठून? माझ्या मते मसुद्यातून. या परिषदा म्हणजे पडद्यावर मजकूर, त्यात शेकडो कंस, आणि एकेक कंस सोडवत बसलेली माणसं. मोठ्या देशाचा अधिकारी दर तीन वर्षांनी बदलतो. नामिबियाचे पिएर द्यु प्लेसी मात्र जैविक संसाधनांच्या लाभवाटपावर, म्हणजे त्यांतून होणाऱ्या नफ्यातल्या वाट्यावर, वर्षानुवर्षं आफ्रिका गटाच्या वतीने बोलत राहिले. कुठला शब्द कोणत्या बैठकीत कोणी घातला हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला खोलीत मान असतोच.

दुसरी गोष्ट, आधी करून दाखवणं. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा, हे २०२२ मध्ये सीबीडीच्या मॉन्ट्रियल परिषदेत ठरलं. त्यासाठीच्या देशांच्या आघाडीचं नेतृत्व कोस्टारिका आणि फ्रान्सकडे होतं, ब्रिटन सोबतीला. पण मार्च २००६ मध्येच, ब्राझीलच्या कुरितिबातल्या परिषदेत, पलाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटं यांनी ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटांना सोबत घेऊन जाहीर केलं होतं की २०२० पर्यंत आम्ही किनाऱ्यालगतचा ३० टक्के समुद्र आणि २० टक्के जमीन राखू. जगाचा आकडा सोळा वर्षांनी आला.

तरीही माझं मत असं झालंय की हे देश जिंकतात ते सुरुवातीला, जेव्हा कल्पना मांडायची असते. हरतात शेवटच्या रात्री, जेव्हा पैशांचं बोलणं निघतं. पटतंय का? खोडून काढा.

निवृत्त_मास्तर

उत्तम विषय. पण "लहान" कशाने? कोस्टारिकाचं क्षेत्रफळ ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. पण त्याच्यासारखा दबदबा भल्याभल्या देशांचा नाही. मग लहान कोण ते आधी ठरवा.

कलमदान

मास्तरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मॉन्ट्रियलच्या शेवटच्या रात्री नेमकं उलटं चित्र दिसलं. डीआर काँगो हा आकाराने प्रचंड देश, लोकसंख्या दहा कोटींच्या घरात, काँगो खोऱ्यातलं जंगल त्याच्याकडे. १९ डिसेंबर २०२२ च्या पहाटे त्यांच्या प्रतिनिधीने माईकवर सांगितलं की आम्ही या मसुद्याला पाठिंबा देऊ शकत नाही, जैवविविधतेसाठी वेगळा निधी हवा. काही मिनिटांत अध्यक्ष, चीनचे मंत्री हुआंग रुन्च्यू यांनी हातोडा आपटला. करार मंजूर! कॅमेरून आणि युगांडा खवळले. सचिवालयाच्या कायदेतज्ज्ञांनी सांगितलं की काँगोने "औपचारिक हरकत" नोंदवलेली नाही. नंतर समजूत घातली गेली, म्हणणं इतिवृत्तात घेतलं गेलं.

वकिलीच्या नजरेने मला हे लंगडं वाटतं. "पाठिंबा देऊ शकत नाही" ही हरकत नसेल तर हरकत म्हणायची कशाला? पण यातून दिसतं ते हे की सर्वसंमती आहे की नाही हे शेवटी अध्यक्षाच्या हातोड्यावर ठरतं. ब्राझील किंवा भारत असं बोलला असता तर तो हातोडा तितक्या चपळाईने पडला नसता. त्यामुळे लहान-मोठं हे नकाशावर मोजू नका. ज्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं तो लहान.

पावसाळी_पाहुणी

वाचतेय. पॉपकॉर्न नाही, शेंगदाणे घेऊन बसलेय.

तिरकस_तात्या

सागरगोटा, तुमचा लेख फार गोड आहे. आता थोडं तिखट घ्या.

देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग. नव्वदच्या दशकापासून कॅरिबियनमधले डॉमिनिका, सेंट किट्स, सेंट लुशिया, अँटिग्वा वगैरे देश जपानच्या बाजूने मतं देत राहिले, आणि जपान त्यांना मासेमारीचे धक्के आणि शीतगृहं बांधून देत राहिला. २००० मध्ये डॉमिनिकाच्या सरकारने दक्षिण पॅसिफिकमधल्या देवमासे अभयारण्याच्या विरोधात मत दिलं, तेव्हा त्यांचेच मंत्री अॅथर्टन मार्टिन राजीनामा देऊन बाहेर पडले. २००६ मध्ये सेंट किट्समध्येच ३३ विरुद्ध ३२ मतांनी ठराव झाला की देवमाशांच्या शिकारीवरच्या बंदीची आता गरज नाही. तीन चतुर्थांश बहुमत नव्हतं म्हणून बंदी टिकली, नाहीतर सगळं आटोपलं होतं.

आणखी घ्या. मार्च २०१०, दोहा, वन्यजीव व्यापाराची साइट्स परिषद. दोन चौरस किलोमीटरच्या मोनॅकोने मांडलं की अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करा. आदल्या संध्याकाळी जपानी दूतावासाच्या स्वागत समारंभात पाहुण्यांना काय वाढलं होतं? ब्लूफिनची सुशी. प्रस्ताव पडला, बाजूने २० आणि विरोधात ६८. तुमच्या लाडक्या लहान देशांपैकी बरेच त्या ६८ मध्ये होते.

थोडक्यात, लहान देशांचं वजन म्हणजे भाड्याने मिळणारं मत. मालक दुसराच.

सागरगोटा

तात्या, तिखट पचलं. आता त्याच देवमासे आयोगातलं दुसरं पान उघडा.

सेशेल्स १९७६ मध्ये स्वतंत्र झालं, वस्ती साठ-पासष्ट हजार. १९७९ मध्ये ते आयोगाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी प्रस्ताव मांडला की अख्खा हिंदी महासागर, दक्षिणेला ५५ अंश अक्षांशापर्यंत, व्यापारी शिकारीसाठी बंद करा. मंजूर झाला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवणारा जो ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी पार पडला, तोही सेशेल्सनेच मांडलेला. मत विकत घेता येतं हे खरं, पण जो ठराव कोणाला सुचलेलाच नाही तो विकत घेता येत नाही. आधी कोणीतरी तो टेबलावर ठेवावा लागतो.

आणि डॉमिनिकाची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. २००८ मध्ये त्यांनी जपानच्या बाजूने मत देणं थांबवलं.

माडबनवालो

माका एक सांगा, त्या हिंदी महासागरात आमचो अरबी समुद्र धरलो हा काय? देवगड-मालवणच्या बाजूक कधीमधी मोठे देवमासे दिसतत, मेलेलेसुद्धा किनाऱ्यार लागतत.

आणि मुशीचा (शार्कचा) काय? आमच्या बंदरात व्यापारी सांगतत, आता बाहेर पाठवूक कागद लागतत. ह्या पण तुमच्या पलाऊनच केल्यान काय?

सागरगोटा

माडबनवालो, होय, अरबी समुद्र धरलेला आहे.

मुशीचं खापर एकट्या पलाऊवर फोडू नका, पण नातं आहे. पलाऊने २००९ मध्ये आपला सगळा समुद्र मुशींसाठी अभयारण्य जाहीर केला. तसं करणारा जगातला पहिला देश. पुढच्या वर्षी दोह्यात त्यांनी अमेरिकेबरोबर मुशींचे प्रस्ताव नेले, आणि तात्यांच्या ट्यूनासारखेच तेही आपटले. २०१३ मध्ये बँकॉकला हॅमरहेडसह पाच जाती साइट्सच्या यादीत आल्या. मग २०२२ मध्ये पनामाने, यजमान असताना, कारखारिनिडी हे अख्खं कुळ परिशिष्ट दोनमध्ये घालायचा प्रस्ताव पार पाडला. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या बऱ्याच मुशी याच कुळातल्या. परिशिष्ट दोन म्हणजे बंदी नव्हे. निर्यात करायची तर त्या पकडीने जातीला धोका नाही असा दाखला लागतो. इथल्या बाजारात विकायला किंवा घरी कालवण करायला त्या यादीची आडकाठी नाही. (आपल्या वन्यजीव कायद्याने संरक्षित जाती वेगळ्या, त्या पकडायच्याच नाहीत.) मुशीच्या परांची निर्यात तर भारताने २०१५ मध्येच बंद केली होती.

हां, एक मान्य करायला हवं. पर्यटकांना मुशी दाखवून पैसे कमावणाऱ्या पलाऊचा हिशेब आणि जाळ्यात मुशी आली तर घरी चार पैसे येतील असं म्हणणाऱ्या मालवणच्या रापणकराचा हिशेब एक नाही. लहान देश म्हणजे गरीब मच्छीमाराचा आवाज, असं आपोआप होत नाही.

दोनापावल

गोव्याहून. खोल समुद्रातल्या खाणींचा विषय कोणीच काढला नाही याचं नवल वाटतंय, कारण लहान देशाने मोठा दणका दिल्याचं त्याहून ठळक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

समुद्रतळ "मानवजातीचा सामायिक वारसा" मानावा हे १ नोव्हेंबर १९६७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत कोणी मांडलं? माल्टाचे राजदूत आर्विड पार्डो यांनी. माल्टा स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यातून पुढे सागरी कायद्याचा करार आणि जमैकातल्या किंग्स्टनची समुद्रतळ संस्था उभी राहिली. आपलं नातं जुनं आहे. २६ जानेवारी १९८१ ला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून पहिले धातूचे गोळे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा शोधासाठी भारताकडे आहे.

तर जून २०२१ मध्ये नाउरूने एक कलम वापरलं. २१ चौरस किलोमीटरचा देश, वस्ती बारा हजारांच्या आसपास. कलम असं की एखाद्या देशाने मागणी केली की दोन वर्षांत खाणकामाचे नियम पुरे करायचे, नाहीतर अर्ज आहे तसा विचारात घ्यायचा. एका पत्राने सगळ्या जगाला घड्याळ लावलं! नाउरूच्या पाठीशी होती कॅनडातली द मेटल्स कंपनी, नाउरू तिच्या उपकंपनीचा पुरस्कर्ता देश. जुलै २०२३ ला मुदत संपली, नियम झालेच नाहीत.

दुसऱ्या बाजूला जून २०२२ मध्ये लिस्बनला पलाऊने खाणकाम थांबवण्याची आघाडी उभी केली, फिजी आणि सामोआ लगेच सामील झाले. आज तीसहून जास्त देश थांबा म्हणताहेत. म्हणजे गाडी सुरू करणारा बेटावरचा आणि ब्रेकवर पाय ठेवणाराही बेटावरचाच.

तिरकस_तात्या

दोनापावल, तुम्ही माझंच काम केलंत. नाउरूचं पत्र नाउरूने लिहिलं की कंपनीने? आणि किरिबाटी विसरलात. २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या सरचिटणीसपदासाठी किरिबाटीने उमेदवार कोण दिला? मायकेल लॉज, ब्रिटिश गृहस्थ, त्याच खुर्चीत आधीपासून बसलेले. ब्राझीलच्या लेटिशिया कार्व्हाल्यो यांनी त्यांना ७९ विरुद्ध ३४ ने हरवलं ते सोडा. बेटाचा शिक्का, माणूस परका.

आणि एप्रिल २०२५ मध्ये तीच कंपनी किंग्स्टनला वळसा घालून अमेरिकेच्या कायद्याखाली अर्ज घेऊन गेली. गरज सरो, नाउरू मरो.

दोनापावल

तात्या, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, खरं आहे. पण नाउरूला निव्वळ बाहुलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या बेटाचा मधला भाग फॉस्फेटसाठी खणून खणून ओसाड झाला. खणणारे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. खत गेलं त्यांच्या शेतांत. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं, १९८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, १९९३ मध्ये तडजोड झाली. जमीन संपलेल्या देशाने समुद्राकडे पाहिलं आणि कराराचं पुस्तक कोणापेक्षाही बारकाईने वाचलं. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटतो, पण निर्णय त्यांचा आहे.

वाक्वाहून

मॉरिशसमधून लिहितोय. आमचे पूर्वज कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यांवर आले. घरी मराठी अजून आहे, चुका पोटात घाला.

वर पहिल्या मंजुरीचा उल्लेख वाचून बरं वाटलं. ४ सप्टेंबर १९९२. जगाला आमचा डोडो माहीत असतो, आम्हाला जास्त जवळचा आहे तो आमचा छोटा ससाणा. १९७४ मध्ये रानात चारच उरले होते, तिथून तो परत आणला गेला. त्यामुळे या विषयात घाईने सही करणं आमच्यासाठी शोभेचं नव्हतं.

पण तात्यांच्या उलट्या बाजूने एक सांगतो. मोठे देश मतं विकत घेतात हे तुम्ही म्हणालात, ते निसर्गरक्षणाचाही दांडका करतात. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती सहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं. बेटांवर दावा आमचा, मूळ रहिवासी हाकलले गेलेले, त्यांना परत यायचं तर मासेमारीच बंद! आम्ही लवादाकडे गेलो. मार्च २०१५ मध्ये लवादाने सांगितलं की ते अभयारण्य जाहीर करताना ब्रिटनने सागरी कायद्याचा भंग केला. प्रवाळ वाचले पाहिजेत यात वाद नाही. पण कोणी, कोणाला विचारून, हे सोडून नुसते टक्के मोजणाऱ्यांचं आम्हाला भय वाटतं.

पावसाळी_पाहुणी

वाक्वाहून, तुमचं मराठी आमच्या व्हॉट्सअॅपवाल्यांपेक्षा बरंच नीट आहे हो. आणि चागोसचं हे अजिबात माहीत नव्हतं.

एक बाळबोध प्रश्न. सागरगोटा म्हणाल्या शेवटच्या रात्री हरतात. म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

सागरगोटा

बाळबोध नाही, माझा सगळा मुद्दा तोच आहे.

बेटांच्या शिष्टमंडळात बरेचदा दोन-तीन माणसं. निधीवर एका खोलीत, आक्रमक प्रजातींवर दुसऱ्या खोलीत, जनुकीय माहितीवर तिसरीकडे, एकाच वेळी चर्चा. सकाळी आठला गटाची बैठक, रात्री अकरानंतर मसुदा. म्हणून ते गटाने काम करतात, तू हे बघ मी ते बघतो. गटांमुळे एकदा फार मोठा फायदा झाला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये कार्ताहेनाला जनुकबदल केलेल्या सजीवांवरची बोलणी मोडली. धान्य निर्यात करणारे सहा देश (मायामी गट) एका बाजूला, बहुतेक विकसनशील देश दुसऱ्या, त्यांच्या वतीने बोलणारे इथिओपियाचे तेवोल्दे बर्हान. कोलंबियाचे मंत्री हुआन मायर यांनी व्हिएन्नाला नवीन पद्धत आणली. पाच गट, टेबलावर प्रत्येकाच्या सारख्या खुर्च्या, आणि बोलण्याचा क्रम पिशवीतून रंगीत चेंडू काढून. मायामी गटाचा चेंडू शेवटी आला तर शेवटी बोला! जानेवारी २००० मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला.

आता शेवटची रात्र. कोलंबियातल्या काली शहरातली सीबीडीची परिषद १ नोव्हेंबर २०२४ ला संपायची होती. पैशांचा विषय ठेवला होता अगदी शेवटी. २ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत बैठक लांबली, तोवर लहान देशांचे प्रतिनिधी विमानतळावर. त्यांच्या तिकिटाची तारीख बदलायला पैसे नसतात. गणसंख्या भरेना, अध्यक्ष सुसाना मुहम्मद यांना बैठक थांबवावी लागली. ज्यांना त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज, तेच खोलीत नव्हते. राहिलेलं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला.

आणि हे दुखणं फक्त सीबीडीत नाही. खुल्या समुद्राच्या करारावरची ऑगस्ट २०२२ ची फेरी निष्फळ ठरली, तेव्हा पॅसिफिक बेटांच्या वतीने सामोआने सुनावलं होतं की एवढ्या लांब येण्यात गेलेला पैसा आमच्या रस्त्यांवर, औषधांवर, शाळांवर खर्च झाला नाही.

निवृत्त_मास्तर

म्हणजे आमच्या सोसायटीची सभा. हिशेबाचा विषय शेवटी, आणि विरारची शेवटची गाडी पकडणारे आधीच उठलेले.

कलमदान

मास्तर :)

सागरगोटांच्या "कल्पना जिंकते, पैसा हरतो" ला पुरावा जोडते. जपानच्या नागोयातल्या परिषदेत २०१० मध्ये आफ्रिका गटाने जागतिक लाभवाटप यंत्रणेची मागणी केली होती, म्हणजे मूळ कुठल्या देशाचं हे ठरवता येत नाही अशा संसाधनांच्या नफ्यातला वाटा सामायिक निधीत यावा. करारात ते दहावं कलम झालं, पण "गरज आहे का याचा विचार करू" इतक्या मिळमिळीत भाषेत. त्यानंतर जनुकीय माहितीच्या चर्चेत आफ्रिकेचं म्हणणं होतं की श्रीमंत देशांत ती माहिती वापरून केलेल्या उत्पादनांच्या किरकोळ विक्रीवर एक टक्का आकारा. २०२४ ला काली निधी झाला, त्यात अशी माहिती वापरणाऱ्या कंपन्यांनी नफ्याच्या एक टक्का किंवा उलाढालीच्या ०.१ टक्का द्यावा असं म्हटलंय. निम्मा तरी वाटा आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी.

"द्यावा". देणं बंधनकारक नाही. चौदा वर्षं एका मागणीचा पाठलाग करून यंत्रणा उभी राहिली, आणि त्यातली सक्ती तेवढी गळून पडली.

तिरकस_तात्या

ठीक आहे, भाड्याने मिळणारं मत हे विधान देवमासे आणि ट्यूना यांपुरतं ठेवतो, जिथे खरंच मतदान होतं. सीबीडीत मत विकायला मतदानच नाही, हे लक्षात आलं.

पण मग एक प्रश्न उरतो. सीबीडीत मतदान सुरू झालं तर लहानांचं भलं होईल की बाजार भरेल?

कलमदान

तात्या, झालंय की एकदा, ठरावावर नाही पण यजमानपदावर. सतरावी परिषद कुठे यावर कालीत गुप्त मतदान झालं. अर्मेनिया ६५, अझरबैजान ५८. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश जिंकला, तेलवाला शेजारी हरला. बाजार भरलाच होता का ते कसं कळणार, मतपत्रिका गुप्त.

माडबनवालो

म्हंजे पुढची सभा अर्मेनियात. थंय समुद्रच नाय!

सागरगोटा

नाही, चारी बाजूंनी जमीन. येरेव्हान, ऑक्टोबर २०२६. फिजीहून तिथे पोचायला निदान दोन विमानं बदलावी लागतात, म्हणून यावेळी मी अजेंडा आला की एकच गोष्ट आधी बघणार आहे, निधीचा विषय कुठल्या दिवशी लावलाय. वाक्वाहून, तुमच्याकडून कोण जातंय ते कळलं तर इथेच लिहा.